ऑगस्टातल्या शेगड्या

आमचे मिबुसाहेब कोट काढत नव्हते, आणि त्यापायी मला टोकियोला जावं लागणार होतं. हे ऐकून ज्याला हसू येईल त्याने आधी टोकियोत जाऊन उदोन खाऊन यावेत. रस्सा इतका काळा की तळाशी शेवया आहेत की बुटाच्या नाड्या, ते काड्यांनी चाचपून बघावं लागतं. मी ओसाकाची. जन्म इथला, शाळा इथली, नवरा इथला, आणि तो पळाला तोही इथल्याच बाईबरोबर. या वयात मी हे शहर सोडणार नव्हते.

आमची कंपनी ब्रश बनवते. दाताचे, बुटांचे, बाटल्या घासायचे. ओसाका शाखेची इमारत जुनी आहे आणि तिचे दिवे, किल्ल्या, झुरळं, एसी हे सगळं माझ्याकडे. जूनमध्ये टोकियोच्या मुख्य कचेरीतून सेगावासाहेबांचा फोन आला. आवाज अगदी मधात बुडवलेला.

"कुसुदासान, सगळ्या शाखांत तुमची इमारत जास्त वीज खाते. या उन्हाळ्यात वापर उतरला नाही, तर वीज कशी वाचवायची ते शिकायला तुम्हाला काही वर्षं इकडे यावं लागेल."

वीज कशी वाचवायची ते काय मला ठाऊक नाही? दर उन्हाळ्यात सरकारच सांगतं, टाय सोडा, कोट घरी ठेवा आणि कचेरीचा एसी अठ्ठावीसवर ठेवा. देशभर लोक तसं करतात. आमच्याकडे मात्र त्याच आठवड्यात मिबुसाहेब बदलून आले. नवे साहेब येणार म्हणून आम्ही कोट-टाय चढवून स्वागताला उभे राहिलो. साहेबही कोटात आले. दुसऱ्या दिवशी आम्ही वाट बघितली. साहेब कोटात. तिसऱ्या दिवशीही कोटात. आता, साहेब कोटात असताना बाकीच्यांनी कोट काढायचा नसतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही आणि कुणी सांगतही नाही. न सांगितलेलं ओळखायचं, याला आमच्याकडे 'हवा वाचणं' म्हणतात. ज्याला हवा वाचता येत नाही त्याला लोक मुलगी देत नाहीत. तेव्हा अख्ख्या कचेरीने हवा वाचली आणि आपापली बटणं लावली.

कोट-टाय घालून अठ्ठावीसमध्ये बसून बघा एकदा.

"ताई, मेलो मी," ओनिशी म्हणाला. हा आमचा विक्रीचा माणूस, चांगला ऐसपैस. दुपारी दुकानं हिंडून आला की त्याच्या खुर्चीखाली डबकं साचायचं.

"मग काढ ना कोट."

"साहेब घालून बसलेत."

"मग सांग त्यांना."

"तुम्ही सांगा. तुम्ही वयाने मोठ्या."

"वय काढू नकोस, कोट काढ," मी म्हणाले. पण त्याने काढला नाही, आणि मी एसी पंचवीसवर आणला.

आता ही वाढलेली वीज दुसरीकडून वाचवायला हवी होती. मी कंबर कसली. एसीच्या जाळ्या स्वतः धुतल्या. त्यातून इतकी धूळ निघाली की तिची एक उशी झाली असती. दक्षिणेच्या खिडक्यांवर वेताचे पडदे सोडले. गच्चीवर एसीची यंत्रं उन्हात तापतात, त्यांच्यावर सावलीला ताडपत्री बांधली आणि भोवतीच्या फरशीवर रोज पाणी शिंपडलं. खिडक्यांखाली कुंड्या ठेवून कारल्याचे वेल चढवले. पानांनी ऊन अडतं, खोली थंड राहते. वेल असे माजले की जुलैत कारली लागली, आणि मग रोज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना कारलं. अंड्यातलं कारलं, टोफूतलं कारलं, नुसतं कारलं. सगळे "वा, छान" म्हणून खायचे. इथे खरं कोण बोलतं! आणि एवढं करून विजेचा वापर काही उतरेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय. कोट अंगावर तसाच होता ना.

त्यात साहेब क्योटोचे. ओसाकाहून क्योटो गाडीने अर्ध्या तासावर, पण बोलण्यात मधे समुद्र आहे. क्योटोची माणसं सरळ बोलत नाहीत. पाहुण्याला 'अजून थोडा भात घ्या ना' म्हणाले की पाहुण्याने चपला घालायच्या. शेजारणीला 'तुमची मुलगी पियानो काय सुंदर वाजवते' म्हणाले की तिने पियानोला कुलूप लावायचं. क्योटोवाल्याचं बोलणं उलटं करून ऐकायचं असतं, हे आम्ही ओसाकाकर शाळेत जायच्या आधी शिकतो. मलाही ते पक्कं ठाऊक होतं, आणि तिथेच घात झाला.

एके दिवशी साहेब माझ्या टेबलापाशी थांबले. बारीक चणीचे, केस चोपून बसवलेले. म्हणाले, "कुसुदासान, इथे काय प्रसन्न गारवा असतो. डोंगरावर आल्यासारखं वाटतं."

मी मनात म्हटलं, क्योटोचा माणूस गारवा म्हणतोय, म्हणजे याला उकडतंय! शहाण्याला शब्दाचा मार. ते वळल्याबरोबर मी एसी तेवीसवर आणला.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, "माझा डबा हल्ली संध्याकाळपर्यंत अगदी ताजा राहतो. घरच्या फ्रिजलाही जमत नाही ते."

डबा आंबला वाटतं यांचा! सगळ्यांसमोर असं घालूनपाडून बोलायचं? मी एकवीस केलं.

मग एकदा जिन्यात भेटले. "तुमच्यामुळे आम्हाला हिवाळ्याची वाटच बघावी लागत नाही."

आता मात्र माझं डोकं फिरलं. इतका टोमणा माझ्या सासूनेही मारला नव्हता, आणि ती टोमण्यांवरच जगली. मी दात-ओठ खात एकोणीस केलं. दुसऱ्या दिवशी साहेब कोटाच्या आत जाकीट घालून आले. मला वाटलं, हट्टाला पेटलाय माणूस. बघतेच.

कचेरीचा रंग बदलायला लागला. ओनिशी गुलाबी होत गेला आणि बाकीचे निळे. संडासातल्या हात वाळवायच्या यंत्रापुढे रांग लागायची. हिशेब खात्यातल्या यासुईबाई कोरडे हात घेऊन आत जायच्या आणि कोरडेच हात घेऊन बाहेर यायच्या. "बरं आहे ना, थंड वाटतंय का?" असं मी स्वतः फिरून विचारलं. सगळे म्हणाले, "छे छे, उत्तम आहे." विजेचा काटा मात्र चढत होता, आणि नुसत्या एसीने चढावा त्याहून जास्त चढत होता. त्याचा मला काही केल्या मेळ लागेना. टोकियोच्या काळ्या रश्शाची स्वप्नं पडायला लागली.

ऑगस्टात पितरांची सुट्टी संपून सगळे परत आले त्या दुपारी, 'खट्' असा आवाज झाला आणि आमचा मजला अंधारला. एसी धापा टाकून थांबला. मी विजेच्या पेटीपाशी गेले. मोठा खटका पडला होता, म्हणजे मजल्यावर झेपत नाही इतकी वीज कुणीतरी ओढत होतं. मी बॅटरी घेतली आणि भिंतीतल्या एका खोबणीत खुपसलेल्या वायरीच्या मागे मागे रांगत निघाले.

वायर यासुईबाईंच्या टेबलाखाली गेली होती. तिथे पाय शेकायची विजेची छोटी शेगडी.

"यासुईबाई?"

"ती माझी नाही," यासुईबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही पाय शेगडीत होते.

दुसऱ्या टेबलाखाली शेगडी. तिसऱ्याखाली शेगडी, वर लोकरीचं पांघरूण. बाहेर डांबर वितळतंय, आत एसी एकोणीसवर, आणि टेबलाटेबलाखाली शेगड्या! वरून गार करायचं, खालून गरम करायचं, आणि दोन्हीची वीज माझ्या माथी. मी रांगतच ओरडत सुटले. शेवटची आणि सगळ्यांत जाड वायर साहेबांच्या खोलीच्या दाराखालून आत गेली होती.

मी दार ठोठावलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबाच्या खोलीचं दार न ठोठावता उघडलं. मिबुसाहेब खुर्चीत बसले होते. अंगावर कोट, आत जाकीट, गुडघ्यांवर विजेची रजई, पायात केसाळ सपाता, आणि छातीशी तान्ह्या बाळासारखी धरलेली गरम पाण्याची पिशवी.

"साहेब," मी किंचाळले, "कोट काढा!"

मागे सगळी कचेरी दारात गोळा झाली होती. कुणीतरी श्वास घेतला आणि सोडायला विसरलं.

"कुसुदासान," साहेब म्हणाले, "तुमचा आवाज काय खणखणीत आहे."

"सरळ बोला! तुम्ही कोट काढत नाही म्हणून हे काढत नाहीत. हे काढत नाहीत म्हणून यांना उकडतं. यांना उकडतं म्हणून मी एसी खाली आणते, आणि मी टोकियोला जाणार नाही! मला तिथले उदोन आवडत नाहीत!"

साहेबांनी पिशवी आणखी घट्ट धरली. काहीतरी फार जड उचलत असावेत तसा चेहरा झाला होता.

"मला थंडी वाजते," ते म्हणाले.

"काय?"

"फार वाजते. जूनपासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! तीनदा सांगितलं. डोंगर म्हणालो, डबा म्हणालो, हिवाळा म्हणालो. याहून उघड कसं बोलायचं माणसाने?"

"मला वाटलं, तुम्ही उलटं बोलताय."

"उलटंच बोलत होतो. तुम्ही त्याचं आणखी उलटं केलंत."

"आणि कोट?"

"पहिल्या दिवशी तुम्ही सगळे कोटात होतात," साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. "म्हटलं, ओसाकाची माणसं भलतीच शिस्तीची दिसतात. मी एकट्याने कसा काढायचा?"

"आम्ही तुमच्यासाठी घातले होते, साहेब!" ओनिशी मागून ओरडला, आणि त्याने कोट काढून असा भिरकावला की तो थेट यासुईबाईंच्या डोक्यावर पडला. मग काय, धडाधड कोट उतरले. साहेबांनी आधी पिशवी खाली ठेवली, मग रजई, मग कोट, मग जाकीट. आत अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. इतक्या बारीक दंडांचा साहेब मी प्रथमच बघत होते.

मी खटका वर केला, एसी अठ्ठावीसवर ठेवला आणि शेगड्या कोठीत टाकून कुलूप घातलं. मग कुठे माझे पडदे, ताडपत्री आणि वेल उपयोगी पडायला लागले. सप्टेंबर सरेपर्यंत विजेचा वापर असा कोसळला की सेगावासाहेबांना मोजणीत चूक वाटली. चूक नाही हे कळल्यावर त्यांचा फोन आला.

"कुसुदासान, सगळ्या शाखांत तुम्ही पहिल्या! आता असं करा, इकडेच या. बढती देतो. सगळ्या शाखांना शिकवा."

म्हणजे वीज वाचली नाही तर टोकियो, आणि वाचली तरी टोकियोच! पण मोठ्या साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी नम्रपणे म्हणाले, "विचार करते."

ओसाकात याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. दुकानात 'विचार करते' म्हणालं की दुकानदार वस्तू परत फळीवर ठेवतो, मनधरणी करत नाही. पण सेगावासाहेब पडले टोकियोचे. त्यांना वाटलं, बाई खरंच विचार करतेय. दहा-बारा दिवसांत एक पुडकं आलं. उघडलं तर माझ्या नावाची कार्डं. 'कानाए कुसुदा, मुख्य कचेरी, टोकियो.'

मी फोन उचलला. सेगावासाहेब म्हणाले, "मिळाली का कार्डं?" आणि मी, साहेबाच्या अंगावर ओरडणारी मी, म्हणाले, "फारच सुरेख आहेत, आभारी आहे." आणि फोन ठेवला.

"ताई, सरळ बोला ना," ओनिशी म्हणाला.

"गप बस!" मी म्हणाले, आणि मला रडूच आलं. मोठ्याने, कचेरीच्या मधोमध.

मिबुसाहेब खोलीतून बाहेर आले. एक कार्ड उचलून त्यांनी दोन्ही बाजूंनी बघितलं. "छपाई फार सुबक आहे," म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, कार्ड खाली ठेवलं, आणि माझ्याच टेबलावरून टोकियोला फोन लावला.

"सेगावासान, मी मिबु. कुसुदासान येणार नाहीत." पलीकडून बरंच काही आलं. साहेबांचे कान लाल झाले. "नाही, त्या विचार करत नाहीयेत... नाही, बढती कमी पडली म्हणून नाही... नाही म्हणजे नाही. कारण?" त्यांनी कार्डांचं पुडकं बाजूला सारलं. "कारण मला त्या इथे हव्या आहेत."

फोन ठेवून ते माझ्या खुर्चीत मटकन बसले. टोकियोहून तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. पण त्या क्षणी ते आम्हाला कुठे ठाऊक होतं? मी डोळे पुसले आणि टेबलावरचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी एक घोट घेतला.

"चहा काय उत्तम झालाय," ते म्हणाले.

"उत्तम म्हणजे उत्तम?" मी विचारलं.

साहेबांनी बराच विचार केला.

"गार झालाय," ते म्हणाले.

मी कप उचलला आणि दुसरा करायला गेले.