काचेची आतली बाजू

खोलीत पाऊल न टाकता खोलीत काय चाललंय ते लिहायचं, हे धाकटीचं काम. मधे एक मोठी काच. खेळण्यांच्या खोलीतून ती नुसता आरसा दिसते आणि धाकटीच्या अंधाऱ्या कोठडीतून साधी काच. वर्षभराचं मूल आईबरोबर येतं, आई तीन मिनिटं बाहेर जाते, परत येते. मूल रडतं का, दाराकडे जातं का, आई आल्यावर झेपावतं की पाठ फिरवतं, हे धाकटी दर पंधरा सेकंदांनी तक्त्यात भरते. शेजारच्या कोठडीत दुसरी निरीक्षक तेच पाहत आपला वेगळा तक्ता भरते. दोघींनी एकमेकींशी बोलायचं नाही. तक्ते जुळले तरच नोंद ग्राह्य.

"दिसलं ते लिहा. वाटलं ते घरी जाऊन नवऱ्याला सांगा," असं विभागप्रमुख बाई प्रत्येक नव्या मुलीला बजावत.

नऊ वर्षांत धाकटीने हा नियम एकदाच मोडला होता, आणि तोही इतका बेमालूम की तिचं तिलाही कळलं नव्हतं. तिने स्वतःचाच तक्ता भरून टाकला होता.

तिची सगळ्यात जुनी आठवण एका दाराची होती. आईच्या घरातलं आतल्या खोलीचं दार, खालपासून वरपर्यंत दुधी काचेचं. त्या काचेवर दोन चिमुकले तळवे टेकलेले, मधे पांढरेफटक, कडेने गुलाबी. तळव्यांच्या मागे एक राखाडी ठिपका, आकार नसलेला. आणि रडणं. "आई, उघड. आई, उघड ना."

एवढंच. पण अभ्यासक्रमात मूल आणि आई यांच्यातल्या जवळिकीचे प्रकार शिकवले तेव्हा धाकटीला एकदम सगळं उलगडलं. ती परगावी पोचल्यावर घरी फोन का करत नाही, निरोप घेताना तिचे डोळे का भरत नाहीत, आईने पाठीवर हात ठेवला की ती अंग का चोरते, सगळं त्या दाराशी येऊन थांबत होतं. आईने तिला बाहेर ठेवलं होतं. तो राखाडी ठिपका म्हणजे आई, उभी राहूनही न उघडणारी. तीन वर्षांच्या आधीचं सहसा कुणाला आठवत नाही, हेही ती शिकली होती. पण ज्याची झळ एवढी बसली ते कसं विसरेल, असं म्हणून तिने स्वतःला सवलत दिली. मैत्रिणींत, बैठकीत, घरच्या गप्पांत ती हे हसत हसत सांगायची. आईसमोरसुद्धा. आई तेवढ्यात काहीतरी आणायला उठून जायची.

आता धाकटीची मुलगी, पिटुकली, अकरा महिन्यांची होती. नवऱ्याची रजा संपत आली होती आणि पाळणाघरात चार महिने जागा नव्हती. सोमवारपासून पिटुकलीला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

"मी आहे की. चांगली धडधाकट आहे," आई फोनवर म्हणाली होती.

"बघते," धाकटी म्हणाली. तिच्या 'बघते'चा अर्थ आईला माहीत होता.

"अगं, तीस वर्षांवर झाली त्या गोष्टीला," नवरा म्हणाला. "एका दारावरून किती दिवस?"

"ती रडत्या मुलाशी कशी वागते ते माझ्याकडे नोंदवलेलं आहे."

"तुझ्याकडे माझीही वही असेल."

"आहे. जाड आहे."

त्याने पिटुकलीला खांद्यावर घेतलं. "मग नोकरी सोडतेस?"

शुक्रवारपर्यंत धाकटीला बाईंना कळवायचं होतं.

गुरुवारी सकाळी खेळण्यांच्या खोलीत एक गुबगुबीत मूल आलं. आई बाहेर जाताच ते दाराशी गेलं, तिथून आरशाकडे आलं आणि त्याने दोन्ही हात काचेवर दाबले. धाकटीच्या नाकासमोर. तळवे मधे पांढरेफटक, कडेने गुलाबी.

तिची पेन्सिल थांबली. हे तिने शेकडो वेळा पाहिलं असेल. पण आज तिने आपला हात पुढे करून काचेच्या आपल्या बाजूला दाबला. तिला तिची नखं दिसली, बोटांचे सांधे दिसले, अंगठी दिसली. तळवा दिसला नाही. तो कसा दिसणार? काचेवर दाबलेला तळवा फक्त पलीकडच्याला दिसतो.

मग तिच्या आठवणीतले तळवे तिचे नव्हते. ती दाराच्या आत होती. आणि राखाडी ठिपका म्हणजे तळवे ज्याचे होते ते मूल.

त्या दिवशी तिच्या तक्त्यात दोन रकाने कोरे राहिले.

संध्याकाळी ती थेट ताईच्या शिवणाच्या दुकानात गेली. ताई तिच्याहून अडीच वर्षांनी मोठी. ताईच्या दुकानाला आत नुसता पडदा, आणि घरी तर न्हाणीघरालाही कडी नाही. त्यावरून सगळे तिची चेष्टा करत. धाकटीही करायची.

"ताई, त्या दाराबाहेर कोण होतं?"

ताईच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने एकेक काढून डबीत टाकली.

"मी."

शिवणयंत्राचा दिवा तेवढा चालू होता.

"तुला डांग्या खोकला झाला होता," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलं, मोठीला जवळ फिरकू देऊ नका. आई तुला घेऊन आत, मी बाबांबरोबर बाहेर. एकवीस दिवस. सकाळी उठले की मी दाराशी."

"आणि मी इतकी वर्षं तुझ्यासमोर..."

"माझ्या लग्नातसुद्धा सांगितलंस. लोक हसले छान."

"मग बोलली का नाहीस गं?"

"काय बोलणार? तू शिकलेली, आणि सांगायचीस इतकं हुबेहूब. मला वाटायचं, चला, माझं कुणीतरी सांगतंय." ताईने कात्री उचलली, परत ठेवली. "नंतर मात्र राग यायचा. रडले मी, आणि आईशी फटकून वागलीस तू."

धाकटी कापडाच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. दुसरी निरीक्षक सारा वेळ शेजारीच होती, आपला तक्ता भरून, नियमाप्रमाणे गप्प. जुळवून पाहायचं धाकटीलाच सुचलं नव्हतं.

शुक्रवारी तिने बाईंकडून सुट्टी मागितली आणि पिटुकलीला घेऊन ती आईकडे गेली. बाहेरचं दार उघडं होतं. आतल्या खोलीचं दुधी काचेचं दार मात्र वाऱ्याने लोटलं गेलं होतं. पलीकडे आई कपड्यांच्या घड्या घालत असावी. एक फिकट आकार हलत होता.

धाकटीने पिटुकलीला खाली ठेवलं. मग का कोण जाणे, ती गुडघ्यांवर बसली आणि तेव्हाच्या ताईच्या, पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवर दोन्ही तळवे काचेला टेकवले. तिला फक्त नखं दिसली.

आत काहीतरी पडलं. आकार धावत आला.

"आले गं मोठे, आले, उघडते हं, रडू नको!"

कडी दोनदा वाजली. ती लागलेली नव्हतीच. घाईत आईने ती आधी लावली आणि मग काढली. दार उघडलं तेव्हा आईची नजर खालीच होती, थेट धाकटीच्या चेहऱ्यावर.

"तू होय," आई म्हणाली, आणि पलंगाच्या कडेवर बसली.

धाकटीने तिच्या शेजारी बसत विचारलं, "मी एवढं बोलायचे, तू कधी खोडून का नाही काढलंस?"

"काय खोडायचं? तू म्हणायचीस, आईने बाहेर ठेवलं. ठेवलंच होतं की एकीला. कुणाला, ते ठरवून माझं काय हलकं होणार होतं?" आईने हातातल्या टॉवेलची उगाच पुन्हा घडी घातली. "तू खोकून निळी पडायचीस. मी आतून तिच्या हातांवर हात ठेवायची, काचेवरून. तेवढंच. तू पलंगावरून बघत असायचीस. नाही आठवत?"

धाकटीने आठवून पाहिलं. तळवे होते, ठिपका होता, रडणं होतं. आईचे हात कुठेच नव्हते. ती जागा आठवणीत कोरी होती, आणि आई सांगतेय म्हणून ती भरायची नाही, एवढं तिला आता कळत होतं.

"नाही आठवत," ती म्हणाली.

आईने मान हलवली.

"सोमवारी हिला आणू?"

आईने पिटुकलीकडे पाहिलं. पिटुकली दाराला धरून उभी राहत होती. "आण. पण त्याआधी ते दार काढ."

"आई, अगं..."

"मला मेलीला इतकी वर्षं धीर झाला नाही. तू काढ."

बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते. त्यांना तेल सोडून धाकटीने एकेक काढला आणि दार मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिने ताईला फोन केला. "दार काढलं." पलीकडे यंत्र थांबलं. ताई एवढंच म्हणाली, "काच जपून."

सोमवारी सकाळी धाकटीने पिटुकलीला आईच्या कडेवर दिलं. पिटुकली रडली, आणि धाकटी उंबऱ्याशी थांबून पाहत राहिली. आई तिला थोपटत आतल्या खोलीकडे निघाली. मोकळ्या चौकटीशी आली तशी थबकली. तिचा हात वर गेला, जिथे कडी असायची तिथवर, आणि हवेत काहीतरी सरकवून खाली आला. मग ती आत गेली.

धाकटीने ते पाहिलं. त्याचं कारण तिने मनातसुद्धा लिहिलं नाही.