लॅकरचा हात

आत्याच्या कारखान्यातून उघडं तांबं कधी बाहेर गेलं नव्हतं. दिवा असो, दारावरची पाटी असो, नाहीतर हॉटेलच्या जिन्याचा कठडा, घासूनपुसून, चमकवून, वर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ हात दिल्याशिवाय वस्तूला फाटक दिसायचं नाही. "उघडं तांबं पाठवणं म्हणजे तोंड न धुता लग्नाला जाणं," असं ती म्हणायची. त्यावर दुसरं काही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

म्हणजे, आला होता. तिची भाचीच.

भाऊ गेल्यावर त्याची मुलगी आणि त्याचा कारखाना, दोन्ही आत्यानं वाढवले. कारखान्यानं कधी उलट उत्तर दिलं नाही. मुलीनं मात्र कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन आणवलं आणि दिवे सोडून तांब्याचे ठोकळे कोरायला बसली. तळहाताएवढा ठोकळा, आत केसासारखे बारीक चर, वरून काचेसारखं अॅक्रिलिकचं झाकण. महागड्या कॉम्प्युटरमध्ये चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड असतं, त्याची चिप पंख्यांना आवरेनाशी तापते. तिच्यावर हा ठोकळा घट्ट बसवायचा आणि चरांतून पाणी खेळवायचं. पाणी तिची आग घेऊन जातं, रेडिएटरमध्ये निवतं आणि परत येतं.

"म्हणजे तापलेल्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी," आत्या म्हणाली होती.

"तसंच."

"आणि पट्टी गळली तर?"

"तर पोर गेलं."

"वा! आणि यासाठी दिव्यांच्या ऑर्डरी परत पाठवतेस!"

भांडण महिनाभर चाललं. शेवटी आत्यानंच अट घातली, तीही सगळ्या कामगारांसमोर. सिनेमाची चित्रं हलवणाऱ्या एका स्टुडिओला असे ठोकळे हवे होते. त्यांचा इंजिनीयर सध्या वापरत असलेला नावाजलेला ठोकळा घेऊन येणार होता. कार्ड तेच, पाणी तेच, काम तेच. आधी त्याचा ठोकळा बसवायचा, मग भाचीचा. "बरोबरीनं उतरला तर मशीन तुझं. नाही उतरला तर मशीन विकायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून तू दिवे बघायचे. घोडामैदान जवळच आहे." मशीन घेणारं गिऱ्हाईकसुद्धा तिनं शोधून ठेवलं होतं. आत्या शब्दाची पक्की, हे भाचीला ठाऊक होतं. म्हणून तर ती जेवेनाशी झाली होती.

आदल्या संध्याकाळी भाची घरी गेली आणि आत्या कारखान्याला कुलूप लावायला निघाली. टेबलावर मऊ फडक्यात ठोकळा ठेवला होता. आत्यानं फडकं उचललं. तळाची बाजू अशी घासली होती की आपला चेहरा बघून केस सारखे करावेत. आणि त्या आरशावर, अगदी मधोमध, अंगठ्याचा ठसा.

"बघा," ती पॉलिशमिस्त्रीला म्हणाली, "पोरीला सगळं येतं, पण शेवट येत नाही. हा उद्या सकाळी काळा पडेल. परक्या माणसासमोर शोभा आमची."

ती ठोकळ्यावर रागावली होती की त्या ठशावर भाळली होती, हे तिचं तिलाच ठाऊक. तिनं ठसा पुसला आणि ब्रश मागितला.

मिस्त्री घुटमळला. "बाई, ताईंना विचारायचं का आधी?"

"या कारखान्यात तांब्याला लॅकर लावायला परवानगी लागते का आता?"

मिस्त्रीनं ब्रश दिला.

सकाळी इंजिनीयर आला. पांढरे बूट, पाठीवर पिशवी, बोलणं गोड. आल्या आल्या म्हणाला, "नमस्कार काकू."

"काकू म्हणू नका. तुमच्या काकाशी माझं लग्न झालेलं नाही."

तो ओशाळला. भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. मग दोघं कामाला लागली. उघड्या चौकटीत कार्ड लावलं. नळ्यांच्या प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल अंथरले, म्हणजे थेंब गळला तरी दिसावा. आधी त्याचा ठोकळा. रुपेरी होता. आत्यानं मिस्त्रीला कोपरानं ढोसलं. "बघा, त्यांनीही अंगावर काहीतरी घातलंय."

"निकेलचा मुलामा आहे तो, आत्या," भाची मान वर न करता म्हणाली. "धातूच आहे. उष्णता जाते त्यातून."

कार्ड कामाला लावलं तसा पडद्यावर चिपच्या तापमानाचा आकडा चढला, रेंगाळला आणि चोपन्नावर बसला. बराच वेळ जागचा हलला नाही. इंजिनीयरनं मान डोलावली. मग पाणी काढलं, ठोकळा उतरवला, चिप पुसली, उष्णता ठोकळ्याकडे नेणारी नवी पेस्ट लावली. भाचीनं फडक्यातून आपला ठोकळा काढला आणि चिपवर अलगद टेकवला. स्क्रू आवळताना तिचे ओठही आवळलेले होते. लहानपणी पडल्यावर रडू दाबायची तेव्हा असेच असायचे.

पाणी सुरू झालं. सगळे रुमाल कोरडे. काम सुरू झालं.

पन्नास. साठ. आकडा थांबला नाही. अडुसष्ट.

"बसेल आता," भाची म्हणाली.

पंचाहत्तर.

कामगार आपापली कामं सोडून मागे येऊन उभे राहिले. आत्यानं त्यांना हाकललं नाही. आतल्या आत तिला थोडं बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. सांगत होते ना मी. उद्यापासून पोरगी दिव्यांवर येईल, रडेल दोन दिवस, मग रुळेल.

"नव्वदला मी बंद करणार," इंजिनीयर म्हणाला. "कार्ड स्टुडिओचं आहे."

"चर चुकले असतील का?" भाचीचा आवाज एवढासा झाला होता. "मीच चुकले असेन."

"चर नाहीत वाटत. पाणी थंडच आहे, म्हणजे उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाहीये." तो वाकून बघत होता. "तळाला प्लास्टिकचा पापुद्रा राहिला नाही ना? नव्या ब्लॉकला चिकटलेला असतो, लोक सोलायला विसरतात. तेवढ्यानंही असं होतं."

"मी स्वतः बनवलाय. पापुद्रा कुठून येणार?"

पापुद्रा म्हणताच आत्यानं आपल्या नखाकडे पाहिलं.

वाळलेलं लॅकर नखानं सोललं की काय निघतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पापुद्राच निघतो. पारदर्शक, पातळ, कांद्याच्या सालीसारखा. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री आधीपासून तिच्याकडेच बघत होता.

त्र्याऐंशी.

गप्प राहिलं तर झालं. अट तिची, निकाल तिच्या बाजूनं. आणि बोललं तर? महिनाभर जिनं पोरीच्या ठोकळ्यांना शिव्या घातल्या, तिनंच आदल्या संध्याकाळी गुपचूप त्यावर हात फिरवला, हे ऐकून इथला कोण म्हणेल की ती माया होती? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोरी झालीच नव्हती आणि चांदणं लख्ख पडलं होतं.

सत्त्याऐंशी. इंजिनीयरचा हात बटणाकडे गेला. भाचीनं डोळे मिटले.

"माझ्याकडून झालं," मिस्त्री अचानक पुढे आला. "ताई, मी काल..."

"तुम्ही गप्प बसा हो," आत्या कडाडली. "म्हातारपणी खोटं बोलायला शिकू नका, जमत नाही तुम्हाला." ती टेबलापाशी आली. "बंद करा ते. तळाला लॅकर आहे. मी लावलंय."

रेडिएटरच्या पंख्यांचा आवाज उतरत गेला.

भाची तिच्याकडे बघत राहिली. "मुद्दाम?"

एकच शब्द. आत्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं आणि त्याहून पुष्कळ ऐकवलं होतं, पण हा शब्द नवा होता. शपथ घ्यावी तर तिला शपथा आवडत नसत. रडावं तर ते भावाच्या वेळीसुद्धा जमलं नव्हतं.

"मुद्दाम करायचं असतं तर घण घेतला असता," ती म्हणाली. "ब्रश नसता घेतला."

भाचीच्या चेहऱ्यावर काय आलं ते आत्याला कळलं नाही. राग होता, तो गेला नव्हता. पण ती वळली आणि स्क्रू सोडायला लागली.

"सर, एकदा परत बसवू द्याल?"

इंजिनीयरनं घड्याळ पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं, आणि घड्याळ झाकलं. "एकदाच."

आत्यानं थिनरचा डबा ओढला.

"आत्या, मी करते. झाकण अॅक्रिलिकचं आहे. थिनरचा थेंब लागला तर तडकेल, मग सगळंच संपलं."

"लावलं कुणी? मग काढणारही तीच."

तिनं फडक्याचं टोक थिनरमध्ये बुडवलं आणि पिळून पिळून कोरडं केलं. ठोकळा डाव्या हातात पालथा धरला. मधून कडेकडे पुसायचं आणि कडेच्या अलीकडे थांबायचं. कडेच्या पलीकडे ते झाकण होतं. एरवी कठड्यावर सपासप फिरणारा तिचा हात नखाएवढ्या अंतरानं सरकत होता. लॅकर आधी चिकट झालं, मग फडक्यावर उतरलं. मागून कुणीतरी खोकलं, तिनं नुसती मान फिरवली आणि खोकला थांबला. फडकं बदललं, पुन्हा पुसलं. शेवटी तिनं बोट लावून बघितलं. तांबं बोटाला गार लागलं. झाकणावर ओरखडासुद्धा नव्हता.

"घे," ती म्हणाली आणि मागे सरली. ती भट्टीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

पुन्हा पेस्ट, स्क्रू, पाणी. रुमाल कोरडे.

पंचेचाळीस. पन्नास. त्रेपन्न. चोपन्न. कामगारांमधून हूं असा आवाज आला. पंचावन्न.

पंचावन्नावर आकडा बसला. हलेचना.

"एक अंश मागे," इंजिनीयर म्हणाला. "उत्तम आहे हा. मी घेऊन जातो, महिनाभर चालवून बघतो. गळला नाही तर पुढचं बोलू."

पण भाची त्याच्याकडे बघतच नव्हती. ती आत्याकडे वळली होती. "बरोबरीनं नाही उतरला. एक अंश मागे आहे. तुझा शब्द होता."

सगळा कारखाना आत्याच्या तोंडाकडे बघत राहिला. आत्यानं पदरानं हात पुसले. थिनरचा वास काही जाईना.

"कोपऱ्यात थोडं लॅकर राहिलं असेल," ती म्हणाली. "तो अंश माझा. तुझ्या ठोकळ्याच्या माथी मारू नकोस."

"पुसलंस की सगळं! मी बघत होते."

"मालकीण कोण आहे इथं? राहिलं म्हटलं ना!"

तिनं फोन काढला आणि मशीनच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की येऊ नका, मशीनला काम आहे. त्यानं काही विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "शब्द फिरवत नाहीये, हिशोब नीट केला," आणि फोन ठेवून दिला.

इंजिनीयर निघाला तेव्हा भाचीनं ठोकळा उतरवून, पेस्ट पुसून त्याच्या डब्यात ठेवला. ठेवताना तिचा अंगठा तळावर टेकला. आरशावर मधोमध ठसा उमटला. आत्याला तो लांबूनही दिसला. तिनं कमरेचं फडकं काढलं.

भाचीनं ते पाहिलं आणि ती डबा उघडाच धरून उभी राहिली.

आत्यानं फडकं परत खोचलं. "न्या," ती इंजिनीयरला म्हणाली. "आणि पुढच्या वेळी आलात की आत्या म्हणा."

डबा फाटकाबाहेर गेला. आत, उघडं तांबं.