वाढव

आमच्या ह्यांचं कसबा पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान 'बंद' म्हणायचं नाही, 'वाढवलं' म्हणायचं, अशी रीत. ह्यांनी ती घरातही आणली. आमच्याकडे पंखासुद्धा कधी बंद झाला नाही, वाढवलाच गेला.

म्हातारपणी ह्यांना कॉम्प्युटरवर महायुद्धातल्या ब्रिटनचा रेडिओ सापडला. एकाच दिवसाचे सगळे कार्यक्रम. सकाळी व्यायाम, मग बटाट्याची पाककृती, कारखान्यातल्या बायकांसाठी गाणी आणि मधूनमधून बातम्या. संपलं की आपोआप पहिल्यापासून सुरू.

"अहो, ते युद्ध संपलं," मी म्हणायचे. "शेजाऱ्यांनाही कळलंय."

परवा हे गेले. भेटायला माणसं येत होती. कुणीतरी हातात चहा दिला, तो मी प्यायले. साखर होती की नव्हती, सांगता येणार नाही. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तो रेडिओ ह्यांनी लावला तसाच चालू होता. थांबवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"स्वराली, वाढव गं तो," मी सुनेला म्हटलं.

सून नवी, वाघोलीच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. तिने आवाज मोठा केला. बटाट्याची सालं टाकू नका, असं एक बाई इंग्रजीत ठणकावून सांगायला लागली. खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले.

चूक सुधारायची, तर मला तो दुसरा शब्द म्हणावा लागला असता. तो तोंडातून निघेना.

"अजून वाढव," मी म्हटलं.