पोवळ्याचा रंग

ललितने दिवा आणखी दोन बोटं वर उचलला, पट्टीने पाण्यापासूनचं अंतर मोजलं आणि पुन्हा गुडघ्यांवर बसून टाकीत डोकावला. जांभळं पोवळं कालच्याहून मळकट दिसत होतं. शेंड्यांशी तेवढा रंग उरला होता. खाली सगळी चहाच्या चोथ्याची कळा आली होती.

"कोर्टात जायचं नाही का?" ज्योत्स्नाने स्वयंपाकघरातून नवऱ्याला विचारलं. "साडेदहा वाजले."

"नाही जात. आज तारीख घेतो."

वकिलाने तारीख घेणं अकोल्याला नवीन नाही. पोवळ्यासाठी घेणारा हा बहुधा पहिलाच. पण ललितला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. चार वर्षांपूर्वी नागपूरच्या एका जाणकाराने आपल्या टाकीतून करंगळीएवढा तुकडा तोडून दिला होता. तो त्याने पाण्याच्या डब्यात, डबा मांडीवर धरून रेल्वेने आणला होता. अकोल्याच्या उन्हाळ्यात समुद्रातला जीव जगवायचा, म्हणून खोलीत एसी आणि टाकीवर दोन पंखे चालत. आता ते पोवळं तळहाताएवढं झालं होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत जात होतं.

पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. उजेड सोसवला नाही तर ते निघून जातं आणि पोवळं पांढरं पडतं. पाण्यात खताचा अंश वाढला की तेच माजतं आणि पोवळं तपकिरी होतं. हे त्याला कायद्याच्या कलमांसारखं पाठ होतं. तरी आठवडाभर तो दिव्याच्याच मागे लागला होता, कारण दिवा नवा होता. पाण्यावर त्याचा विश्वास होता. मागचे दोन रविवार तर त्याने पाण्याची नेहमीची तपासणीही केली नव्हती.

मनकर्णाबाई गच्चीवरून कुरडयांचं रिकामं पातेलं घेऊन उतरल्या. तेल्हाऱ्याकडच्या गावाहून त्या उन्हाळी वाळवणासाठी लेकाकडे आल्या होत्या.

"ललित, तुह्या बाबाचा फोन आलता. पायाची सूज काई उतरली नाई म्हनते."

"हो माय, बोलतो मी संध्याकाळी."

संध्याकाळी बोलायचं त्याने परवाही कबूल केलं होतं.

मग त्याने पाण्यातला खताचा अंश तपासायची पेटी काढली. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले, चमचीभर पूड घातली, नळी हलवली आणि घड्याळाकडे पाहत बसला. तीन मिनिटं थांबायचं असतं. एरवी पाणी जेमतेम गुलाबी होई. आज ते डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल झालं.

"टाकीत कोणी काय टाकलं?"

आवाज एवढा चढला की ज्योत्स्ना हात न पुसताच बाहेर आली. "मी नाही काही टाकलं. उन्हानं आटतं तेवढं फिल्टरचं पाणी मी रोज घालत होते. हे दोन आठवडे आईच घालतात. मला म्हणाल्या, तू वाळवणाचं बघ."

"मीच टाकलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे ज्योत्स्ना मिठाच्या पान्यात गोडं पानी ओतून राह्यली होती. म्हटलं, नासवते आता सारं. आन् तू त्या मिठाचे पाकिटं आनतं मुंबईहून! आपल्या बोअरले काय मिठाचा तोटा हाय? गावचा चंद्रभान दुधाच्या गाडीवर त्याची कॅन आनते. त्यातलंच टाकलं रोज."

जमिनीखालचं पाणीच खारं अशा खारपाणपट्ट्यात जन्म गेलेल्या बाईला खारं पाणी करायला मीठ विकत आणावं लागतं, हेच मुळी पटत नव्हतं. आटतं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भरही गोड्याचीच घालायची, हे त्यांना ललितने कधी सांगितलं नव्हतं.

"माय, काहून केलं तू असं? विचाराचं तरी होतं एकदा!"

पातेलं छातीशी धरून मनकर्णाबाईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

ललित तरातरा स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याखालच्या निळ्या कॅनमधलं पाणी त्याने दुसऱ्या नळीत घेतलं. वकिलाला पुरावा लागतो. या वेळी तीन मिनिटं थांबावंच लागलं नाही. पेटीतल्या कार्डावरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे नळी गेली. इतके दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! त्याला हायसं वाटलं. निम्मं पाणी आजच बदलायचं, उरलेलं हळूहळू.

"ज्योत्स्ना, ही कॅन ओतून दे मोरीत."

"राहू दे ना बाप्पा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते माह्यं प्याचं हाय. तुमच्या फिल्टरच्या पान्यानं माही तहानच भागत नाई. आळनी लागते."

ललितने हातातल्या लाल नळीकडे पाहिलं.

"घरी हेच पेता तुमी?"

"मंग? नळाले पंधरा दिवसानं पानी येते. तुह्ये बाबा तं दुसरं तोंडातच घेत नाई."

दर दिवाळीला गावी जाताना ललित गाडीत बाटलीबंद पाण्याचा खोका टाकत असे. स्वतःसाठी, ज्योत्स्नासाठी. तपासणीची ही पेटी चार वर्षांपासून घरात होती, पण गावचं पाणी त्याने तिच्यात कधी तपासलं नव्हतं. त्याला आईसमोर उभं राहण्याची लाज वाटली.

मनकर्णाबाईंनी पातेलं ठेवलं, कॅन वाकवून पेला भरला आणि तोंडाशी नेला. ललितने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. थोडं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं. असल्या पाण्याने मूत्रपिंडं बिघडली की पाय सुजतात, हे त्या पट्ट्यात वाढलेल्या ललितला ठाऊक होतं.

"बाबाचे पाय कवापासून सुजले, माय?"

"संक्रातीपासून. कवाचं सांगून तं राह्यली तुले."

तो खुंटीवरची गाडीची किल्ली चाचपू लागला. "चाल. बाबाले घेऊन येऊ. आजच दवाखान्यात दाखवू."

मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या ओल्या पदराशी चाळा करत बाहेरच्या खोलीतल्या टाकीकडे बघत होत्या.

"त्यायचं होईन बरं रे बापा," त्या हळूच म्हणाल्या. "तुह्या पोवळ्याचा रंग येईन ना वापस?"