शिट्टीने ऐकलेला श्वास

मी एक जुनी शिट्टी आहे. पितळेची, वरचा चकचकीत मुलामा उडून गेलेली. माझ्या पोटात बुचाचा एक गोळा आहे. तो नाचला की मी वाजते. मित्रांनो, माणसाचा श्वास मला फार जवळून कळतो.

१९९३ साली श्यामला मॅडमनी मला विकत घेतले. राजारामपुरीतल्या एका शाळेत त्या खेळ शिकवत. माझ्या आवाजावर मुले धावत सुटत आणि मी त्यांच्याकडे बघत विचार करी : हवा सगळ्यांना एकच, मग एखादा हसत कसा पोचतो आणि दुसरा निम्म्या वाटेवर पोट धरून का बसतो? पुष्कळ वर्षे मला याचे उत्तर मिळाले नाही.

मॅडम रोज पहाटे कळंब्याच्या तलावाकाठी फिरायला जात. मी सवयीने गळ्यात असेच. तिथे साक्षी कांबळे ही तरुण मुलगी पळताना दिसे. दात आवळलेले, खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी घट्ट. एकदा ती आमच्यासमोरच धापा टाकत खाली बसली.

"कशासाठी एवढी पळतीस गं?" मॅडमनी विचारले.

"पोलीस भरती हाय मॅडम. दोनदा धावण्यातच बाद झालो. आता वय संपतंय. आई म्हणती, ह्या खेपेला न्हाय झालं तर पावणं बघायला येतील, गप लगीन कर."

"मग पळताना जीव एवढा आवळून का धरतीस?"

"जोर लावल्याशिवाय कसं व्हायचं?"

मॅडमनी मला रुमालाने पुसले आणि तिच्या हातात दिले. "लाव बघू जोर. फुंक."

साक्षीने गाल फुगवून सगळी ताकद लावली. माझा गोळा भोकाशी जाऊन अडकला. नुसते फुस्स झाले. ती खट्टू होऊन माझ्याकडे बघू लागली.

"आता खांदे सोड. जबडा सैल. पोट फुगेल असा श्वास घे आणि सावकाश सोड."

या वेळी माझा आवाज तलावाच्या पार पलीकडे गेला. पाणकोंबड्या उडाल्या. साक्षी हसली, आणि मीसुद्धा चकित झाले. इतकी वर्षे ही गोष्ट माझ्याच पोटात होती!

पण कळले म्हणून लगेच जमत नाही. सैल पळायला लागल्यावर पहिले काही दिवस ती उलट मागे पडली. "मॅडम, म्हातारीवानी पळतोय की मी!" ती वैतागून म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "पळू दे. श्वास पुरता सोडायला शीक. सोडलास की पुढचा आपोआप आत येतोय." हळूहळू तिचा श्वास पावलांच्या तालात बसला. मुठी उघडल्या. एके दिवशी ती पळता पळता आईच्या तक्रारी सांगत राहिली आणि बोलता बोलता तलावाचा फेरा संपवून गेली. बोलायला दम उरला होता, हे तिच्या नंतर ध्यानात आले.

भरतीच्या दिवशी मॅडम कुंपणाबाहेर उभ्या होत्या. शेजारी साक्षीची आई, तानाबाई. निम्मे अंतर झाले आणि दोन मुली साक्षीला मागे टाकून गेल्या. साक्षीचे खांदे वर चढले. तानाबाई ओरडल्या, "अगं, पळ की!" मॅडमनी मला मुठीत इतके घट्ट दाबले की माझ्या दोरीचा पीळ त्यांच्या तळव्यावर उमटला. तेवढ्यात साक्षीने दोन्ही हात खाली सोडून झटकले, तोंडाने लांब श्वास सोडला आणि तिची चाल पुन्हा सुटी झाली. शेवटच्या वळणावर तिने त्या दोघींना गाठले. ती वेळेत पोचली होती.

घामाने निथळत ती कुंपणाशी आली. मॅडम अजून तशाच ताठ उभ्या होत्या.

"मॅडम," ती म्हणाली, "श्वास सोडा की आता!"

तानाबाई पदराने डोळे पुसत पुसत हसू लागल्या.

पुढे लेखी परीक्षाही पार पडली आणि साक्षी भरती झाली. मॅडम निवृत्त झाल्यापासून मी टेबलाच्या खणात असते. थोडा ओलावा राहिला की माझा गोळा फुगतो, म्हणून मित्रांनो, शिट्टी वापरलीत तर पुसून, वाळवून ठेवा. आणि तुमच्या शरीरालाही असेच जपा. ते दमले, अडले, तर आणखी आवळू नका. आधी त्याला मोकळा श्वास घेऊ द्या. त्याच्यात किती बळ आहे, ते मग तेच तुम्हाला दाखवील.