फक्त नावं ठेवा

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी, आणि हे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता पडोत! यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे.

"बाई, येते मी. उद्यापासून नाही येणार," डावरी सुई खाली ठेवत म्हणाली. शिवणबाईंच्या वर्गात तिला सगळ्या डावरीच म्हणत. नवरा गेल्यावर पायावर उभं राहायचं म्हणून आलेली. पण काज करायला बसली की दोरा उलटा पडे, आणि बाई तिच्या डाव्या हातातली सुई काढून उजव्यात देत.

"अगं, सवय होईल."

"हाताला नाही होत हो. मनाला झाली, रोज ओशाळायची."

ती गेली. बाई घरी आल्या त्या तोंड पाडून. तर घरात दुसरंच वाढून ठेवलेलं. मोबाईल उघडला आणि किंचाळल्या, "सूनबाई! लोक माझी अब्रू काढतायत गं!"

सूनबाई ओल्या हातानं धावत आली. त्याचं असं झालं होतं, बाईंनी शिवणाचं पुस्तक लिहिलं होतं, चित्रांसकट. गरजूला फुकट मिळावं म्हणून सूनबाईनं ते इंटरनेटवर टाकलं. पुस्तकाच्या वरची परवानगीची ओळ मात्र बाईंनी स्वतः हौसेनं टाइप केली: 'घ्या, वाटा, हवं तसं बदला. फक्त नावं ठेवा.'

"अहो आई! 'नाव ठेवा' लिहायचं होतं. पुस्तकावर तुमचं नाव राहू द्या, असं! तुम्ही 'व'वर टिंब दिलंत."

"एवढ्याशा टिंबानं?"

"तुम्हीच सांगितलंत. लोकांनी ठेवली."

आणि काय ठेवली! लोकांना तेवढंच हवं असतं. कुणी म्हणे बाही तोकडी, कुणी म्हणे वाचताना झोप लागते. एका शिंप्यानं बाईंच्या कॉलरला गाढवाचे कान म्हटलं आणि खाली स्वतःची कॉलर रेखाटून दिली. चांगली होती मेली.

"पुसून टाक सगळं," बाई म्हणाल्या. जेवायलाही उठल्या नाहीत.

सूनबाई पुसायला बसली आणि थबकली. "आई, हे ऐका. कुणी परकी बाई लिहितेय, 'तुमच्या पुस्तकात सगळे हात उजवे. आम्ही डावऱ्यांनी काय करायचं? बदलायची परवानगी दिलीत, म्हणून सगळी चित्रं डाव्या हाताची काढलीत. घ्या.'"

बाईंनी चष्मा पुसला, परत घातला. चित्रात सुई तीच, कापड तेच, आणि दोरा कसा सुरळीत पलीकडून येत होता.

"पुसू?"

"हात लावशील तर बघ! छापून आण आधी."

सकाळीच बाई डावरीच्या दारात. तिनं दार अर्धंच उघडलं. "आता काय राहिलं, बाई?"

"तू राहिलीस."

डावरीनं कागद चाळले. एका चित्रावर तिचं बोट अडलं, मग सुई हातात आली. टाका पडला, त्याच्या शेजारी दुसरा. ती मान वर करेना.

"मला हे येत नाही," बाई म्हणाल्या. "तू शिकव." आणि उंबऱ्यातच बसून त्यांनी डाव्या हातात सुई धरली, नि असं देखणं काज केलं की मशीननं लाजावं.

बरं, कबूल, हे एवढं मी पदरचं घातलं. काज कसलं, उंदरानं कुरतडल्यासारखं भोक झालं होतं. डावरी खुदकन हसली, टाके उसवले, आणि सुई परत बाईंच्या डाव्या हातात दिली.