पाचवं सुखयुग

ज्या ग्रहावर चहा कपातून ओठांपर्यंत येईतो गोठतो, तिथे पायाखालची जमीन कोमट लागली तर माणसं शंका घेत नाहीत, घर बांधतात. ज्वालामुखीच्या पायथ्याची नवी शाळा अशीच बांधलेली. गेल्या आठवड्यात तिच्या फरश्या इतक्या उबदार झाल्या, की मुलं बूट काढून वर्गात बसू लागली. पालकांनी मुख्याध्यापिकाबाईंचे आभार मानले. बाईंनी ते मोठ्या मनाने स्वीकारले.

त्या सकाळी भूशास्त्र विभागात सुनेने बर्फाची नवी कांडी उभी चिरली आणि थेट विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

विभागप्रमुख तिचे सासरे. घरी ‘बाबा’, इथे ‘सर’. ओरडा दोन्हीकडे सारखाच. ग्रहाचा इतिहास त्यांनीच लिहिला होता, दोन खंडांत: पहिला बर्फाचा, दुसरा राखेचा. जमिनीत खोल भोक पाडून काढलेल्या बर्फात त्यांना चार ठिकाणी काचेसारखे थर सापडले होते. बर्फ वितळून पुन्हा गोठला की असा थर बनतो. म्हणजे ग्रहाला मधूनमधून ऊब येते. त्यांनी नाव दिलं ‘सुखयुगं’. पाचवं सुरू झाल्याचं त्यांनी परवाच शाळेत जाहीर केलं होतं, अनवाणी उभं राहून.

कांडी आली की राख आणि बर्फ वेगळे करायचे, ही विभागाची शिस्त. बर्फ शीतगृहात, राख कपाटात. सुनेने आज पहिल्यांदाच दोन्ही एकत्र ठेवून पाहिलं होतं.

“सर, काचेच्या प्रत्येक थरावर लगेच राख आहे. चारही वेळा. मधे पांढऱ्या बर्फाची रेघसुद्धा नाही.”

“राख दुसऱ्या खंडात आहे,” सासरे मान वर न करता म्हणाले.

“खंड तुम्ही पाडलेत, डोंगराने नाही!”

“संध्याकाळी बैठक घेऊ.”

“बाबा, चिमणी शाळेत आहे. तुमची नात.”

ऑफिसात ती प्रथमच ‘बाबा’ म्हणाली होती. सासरे उठले, कांडीवर वाकले, चारही थरांवरून नख फिरवलं. मग खुर्ची चाचपत खाली बसले.

सुनेने भोंग्याच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी तो झडप घालून धरला.

“वेडी आहेस का? भोंगा म्हणजे थंडीची लाट. तो ऐकून वस्ती कुठे पळते?”

सर्वांत गरम जमिनीकडे. म्हणजे शाळेत. सुनेने हात मागे घेतला.

“मग खरं काय ते सांगून टाका.”

“खरं समजावायला वेळ लागतो गं. मला चारशे पानं लागली, आणि तीही चुकली.”

त्यांनी लाऊडस्पीकर चालू केला. आवाज नेहमीसारखाच भारदस्त. “तळ्यापलीकडच्या जुन्या गोदामाची जमीन शाळेहून गरम झाली आहे. जागा मर्यादित. आधी येईल त्याची.”

शेवटच्या तीन शब्दांसाठी सुनेला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

वस्ती गोठलेल्या तळ्यावरून धावली. बाई मुलांच्याही पुढे. चिमणी आईच्या कडेवर, एका पायात मोजा.

गोदामाची जमीन लोखंडासारखी गार होती. सगळे आत आल्यावर सासऱ्यांनी कडी लावली आणि दाराला पाठ टेकली.

“म्हातारचळ लागलाय याला!”

“अहो सर, ऊब कुठाय? पुस्तकात?”

“आजोबा, तुम्ही खोटं बोललात?” चिमणीने विचारलं.

“हो,” सासरे म्हणाले.

“व्हा बाजूला, पोरं काकडतायत! शाळेत नेतो त्यांना,” नळदुरुस्तीवाल्याने त्यांची कॉलर पकडली. दोघांतिघांनी दार ओढायला सुरुवात केली. सून मधे घुसली. तिला कोपर बसलं.

“डोंगर नाही फुटला तर?” सासरे तिच्या कानाशी पुटपुटले.

“दोघांची नोकरी जाईल.”

“आणि फुटला तर?”

“तुमचा पहिला खंड जाईल.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि दार आणखी घट्ट धरलं.

धक्का आधी दाराला बसला, मग पायांना. शिव्या अर्ध्यात थांबल्या. बाईंनी खिडकीची काच पुसली. तळ्यापलीकडे शाळेच्या छपराच्या जागी काळ्या धुराचा खांब उभा होता.

सासऱ्यांनी कडी काढली आणि बाजूला झाले. आता कुणालाच बाहेर जायचं नव्हतं.